एमएसला जायचंय, पण नक्की कशाला ॲडमिशन घेताय?

१९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी एच-१बीच्या, म्हणजे तिथं नोकरी करायच्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली आणि पुढचे दोन दिवस व्हॉट्सॲपवर दुसरं काही नव्हतंच. पोरगी थर्ड इयरला असलेले आईबाप विचारत होते आता एमएसला, म्हणजे अमेरिकेत मास्टर्स करायला, पाठवायचं की नाही, पोरं विचारत होती जीआरईची, म्हणजे त्यासाठीच्या परीक्षेची, तयारी चालू ठेवू की सोडू, आणि जो तो आपल्या मावसभावाच्या मित्राचा किस्सा सांगत होता. तोपर्यंत गर्दी काही आटली नव्हती हां, २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षा जास्त, आणि त्यात कॉम्प्युटरवाल्यांचा वाटा भलामोठा.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्हिसाचे नियम आपल्या हातात नाहीत, ते उद्या परत बदलतील. कुठल्या प्रोग्रामला जायचं, किती पैसे लावायचे, कशाच्या भरवशावर लावायचे हे आपल्या हातात असतं, आणि नेमकं तिथंच आपण युनिव्हर्सिटीचं नाव बघतो आणि विषय संपवतो. तर जरा पायापासून बघूया.

## युनिव्हर्सिटी एक, प्रोग्राम पाच

फ्लॅट घेताना आपण बिल्डरचं नाव बघतोच, पण टोकन द्यायच्या आधी कार्पेट एरिया किती, कुठली विंग, पार्किंग आहे का, ओसी आली का हे सगळं खोदून खोदून विचारतो. एमएसच्या वेळी तोच घरातला माणूस साठ-सत्तर लाखांचा व्यवहार नुसत्या बिल्डरच्या नावावर करतो. युनिव्हर्सिटी हा बिल्डर झाला, तुम्ही विकत घेताय तो एक विशिष्ट प्रोग्राम, आणि एकाच आवारात कॉम्प्युटरचे चार-पाच प्रोग्राम असतात ज्यांची फी, मुदत, थिसिस, इंटर्नशिप सगळं वेगळं.

उदाहरण घ्या. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला एमएस इन सीएस आहे आणि एमसीएस (मास्टर ऑफ कॉम्प्युटर सायन्स) म्हणून दुसरी डिग्री आहे. पहिली रिसर्चची, थिसिस करायचा, जागा कमी. दुसरी प्रोफेशनल, म्हणजे कोर्स करा, क्रेडिट भरा आणि बाहेर पडा, पैसे स्वतःचे. "मला इलिनॉयला झालं" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की कशाला झालं. कार्नेगी मेलनच्या स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये तर मास्टर्सची अख्खी यादीच आहे, सगळ्यांचे अर्ज वेगळे आणि निवडही वेगळी. बर्कलीचं एमईंग (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) एका वर्षात संपतं, ऐकायला स्वस्तात मस्त वाटतं, पण मधे उन्हाळाच येत नाही म्हणजे समर इंटर्नशिप नाही, आणि अमेरिकेत पहिली नोकरी बऱ्याचदा त्या इंटर्नशिपमधूनच लागते. म्हणजे वाचवलेलं एक वर्ष दुसऱ्या बाजूनं महाग पडू शकतं.

असल्या गोष्टी प्रोग्रामच्या पेजवर लिहिलेल्या असतात, कोणी लपवत नाही. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा प्रोफेशनल मास्टर्स संध्याकाळचा, तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, त्यावर स्टुडंट व्हिसाच मिळत नाही. जॉर्जिया टेकचा ऑनलाइन एमएस, २०१४ पासून चालू आहे, अख्खी डिग्री दहा हजार डॉलरच्या आत होते, पण ती घरी बसून, अमेरिकेत राहायचा किंवा काम करायचा हक्क त्यातून मिळत नाही. ज्याला फक्त शिकायचंय आणि पुण्यातली नोकरी सोडायची नाही त्याच्यासाठी हा सौदा भारी आहे, मला तर वाटतं निम्म्या लोकांनी आधी याचाच विचार करावा, पण शिकणं आणि अमेरिकेत जाणं हे आपल्याकडे इतकं एकमेकांत मिसळलंय की कोणी करत नाही.

आणि ज्यांचं बीई मेकॅनिकल किंवा सिव्हिलचं आहे त्यांच्यासाठी वेगळे प्रोग्राम असतात, पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं एमसीआयटी किंवा नॉर्थईस्टर्नचं अलाइन. बाकीच्या ठिकाणी डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम मार्कशीटवर दिसलं नाही तर अर्ज पुढं सरकणं अवघड जातं.

## पैसे कोण कोणाला देतं

हा मुद्दा कळला की निम्मं कोडं सुटतं. कोर्सवर्कवालं एमएस हा युनिव्हर्सिटीच्या कमाईचा भाग आहे, तुम्ही गिऱ्हाईक. पीएचडीमध्ये उलटं, प्रोफेसर स्वतःच्या ग्रँटमधून तुमची फी भरतो आणि वर महिन्याचा स्टायपेंड देतो, कारण तुम्ही त्याच्या लॅबचं काम करणार असता. त्यामुळेच एमएसला शंभर-दीडशे जणांना घ्यायला हरकत नसते आणि पीएचडीच्या एकेका जागेसाठी प्रोफेसर बराच विचार करतात.

आपल्याकडे फार जणांना माहीतच नसतं की अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, मधे एमएस लागत नाही. ज्याला खरोखर रिसर्च करायचाय आणि पाच-सहा वर्षं द्यायची तयारी आहे त्यानं कर्ज काढून एमएस करायच्या आधी हा रस्ता बघावा. मात्र "फुकटात एमएस होतंय, दोन वर्षांनी सोडून देऊ" अशा हिशोबानं जाऊ नका, ज्या प्रोफेसरनं तुमच्यावर ग्रँट खर्च केली तोच तुमचं रेकमेंडेशन लिहिणार असतो. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं रिसर्चच्या ग्रँट्सना कात्री लावल्यावर काही युनिव्हर्सिटींनी पीएचडीच्या जागाही कमी केल्यात.

मधला रस्ता कॅनडात सापडतो. टोरंटो, ब्रिटिश कोलंबिया (यूबीसी), वॉटरलू इथल्या थिसिसवाल्या मास्टर्सला फंडिंग मिळतं, साहजिकच तिथं प्रवेश पीएचडीसारखाच कडक. आणि अमेरिकेत एमएसच्या पोरांना टीए म्हणजे टीचिंग असिस्टंटशिप मिळते का, तर काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी प्रोफेशनल प्रोग्रामला स्पष्ट नाही असं लिहिलेलं असतं. "गेल्यावर बघू, मिळेलच" यावर बजेट बांधू नका. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटींची एक खुबी आहे, स्पर्धेतून किमान एक हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर परराज्याची फी माफ होऊन स्थानिकांची फी लागू शकते, म्हणून यूटी डॅलस आणि टेक्सास ए अँड एम आपल्या पोरांच्या यादीत कायम दिसतात.

## रँकिंग बघायचंच नाही का?

बघा, पण ते मोजतं काय हे कळून बघा. यूएस न्यूजचं कॉम्प्युटर सायन्सचं रँकिंग म्हणजे डिपार्टमेंटच्या लोकांना विचारलेला सर्व्हे, कोण चांगलं वाटतं याचा. क्यूएस नावाचं दुसरं रँकिंग पूर्ण युनिव्हर्सिटीचं बघतं, त्यात नावलौकिक, सायटेशन (पेपरांचे इतरांनी दिलेले संदर्भ) वगैरे सगळं एकत्र. सीएसरँकिंग्ज नावाची साइट फक्त प्रोफेसरांचे निवडक कॉन्फरन्समधले पेपर मोजते, म्हणजे समजा तुम्हाला डेटाबेसमध्येच काम करायचंय तर कुठं दमदार गट आहे हे तिथं पटकन कळतं. पण तिन्हींपैकी एकही रँकिंग हे सांगत नाही की कोर्सवर्कवाल्या एमएसच्या वर्गात किती पोरं कोंबलीत, हवा तो मशीन लर्निंगचा कोर्स तुम्हाला मिळतो की वेटलिस्टवरच सेमिस्टर जातं, आणि मेमध्ये पास झालेल्यांपैकी डिसेंबरपर्यंत किती जणांना नोकरी लागली.

ही माहिती माणसांकडून मिळते. लिंक्डइनवर प्रोग्रामचं नाव आणि पासआउट वर्ष टाकून शोधा, आपल्या कॉलेजची दोन-चार पोरं सापडतातच, त्यांना तीन ओळींचा नीट मेसेज करा. "सर प्लीज गाइड" असा नको. "अमुक कोर्स पहिल्याच सेमला मिळाला का, बॅचमध्ये किती जण होते, इंटर्नशिप किती जणांना लागली" असं विचारा, लोक उत्तर देतात. जो नुकताच, सहा महिन्यांपूर्वी पास झालाय त्याला विचारा, २०२१ मध्ये पास झालेल्याचा अनुभव आज उपयोगाचा नाही, तेव्हा कंपन्या हात पकडून नेत होत्या.

क्यूएसचा एक खरा उपयोग मात्र आहे. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या, म्हणजे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची, यांना क्यूएसच्या रँकची अट असते. अर्ज करणार असाल तर त्या वर्षीची जाहिरात वाचूनच युनिव्हर्सिटींची यादी करा, ॲडमिट आल्यावर कळलं की रँक बाहेर आहे तर सगळं मुसळ केरात.

## आय-२०वरचा एक आकडा

ॲडमिशन पक्की झाली की युनिव्हर्सिटी आय-२० पाठवते, या कागदावर तुमचा व्हिसा मिळतो. पहिल्याच पानावर प्रोग्रामच्या चौकटीत मेजर लिहिलेलं असतं आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात एक कोड, कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१. हा सीआयपी कोड. अमेरिकी सरकारकडे स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांची यादी आहे, तुमचा कोड त्या यादीत असेल तर शिकून झाल्यावर तीन वर्षं काम करता येतं, नसेल तर एकच.

कसं ते सांगतो. ओपीटी म्हणजे डिग्रीनंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिने सगळ्यांना. स्टेमवाल्यांना वर २४ महिने, पण कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली पाहिजे. कॉम्प्युटर सायन्स असेल तर काळजी नाही, पण हल्ली नावं फार गोंडस असतात, इन्फर्मेशन मॅनेजमेंट, टेक्नॉलॉजी लीडरशिप, ॲनालिटिक्स फॉर अमुकतमुक, तिथं कोड भलताच निघू शकतो. आय-२० येईपर्यंत थांबू नका, अर्ज करायच्या आधीच प्रोग्राम ऑफिसला मेल टाकून विचारा, एका ओळीचा प्रश्न आहे.

आणि ओपीटीवर बिननोकरीचे दिवस मोजले जातात, पहिल्या वर्षात ९०, स्टेमचे धरून एकूण १५०. म्हणजे पास झाल्यावर निवांत नोकरी शोधू हा प्रकार तिथं नाही.

## मग त्या एक लाख डॉलरचं काय?

एच-१बी हा पुढचा टप्पा, कंपनी तुमच्यासाठी अर्ज करते, वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी राखीव. अर्ज जास्त म्हणून मार्चमध्ये लॉटरी. तीन वर्षांच्या ओपीटीत साधारण तीन वेळा नशीब आजमावता येतं.

ती एक लाखाची फी प्रामुख्यानं अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जांवर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यानं स्पष्ट केलं की जो विद्यार्थी अमेरिकेतच आहे आणि तिथल्या तिथं स्टुडंट व्हिसावरून एच-१बीवर जातोय त्याला ती लागत नाही. म्हणजे बातमीनं जेवढी घाबरगुंडी उडवली तेवढा थेट फटका एमएसच्या पोरांना नाही. खरा फटका दुसऱ्या बदलाचा आहे आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. आधी लॉटरीत सगळ्यांची चिठ्ठी एकेकदाच पडायची, २०२६ पासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे पडते, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलच्या चार, पहिल्या लेव्हलची एक. नुकताच पास झालेला पोरगा बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला असतो, म्हणजे त्याची शक्यता कमी झाली. हे गृहीत धरूनच पुढचं गणित मांडा.

## हप्त्याचं गणित, घरी बसून

समजा दोन वर्षांचा सगळा खर्च ९० हजार डॉलर, फी, राहणं, इन्शुरन्स धरून. डॉलर ९० रुपये धरला तर ८१ लाख. घरचे ३१ घालतात, ५० लाख कर्ज. ११ टक्के, १० वर्षं, तर हप्ता जवळपास ६९ हजार. पण शिकताना आणि नंतरच्या सहा महिन्यांत व्याज चालूच असतं, ते न भरता साचू दिलं तर मुद्दल ६० लाखांच्या आसपास जातं आणि हप्ता ८२-८३ हजार.

अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता काहीच नाही, दोन-तीन वर्षांत कर्ज फेडून लोक मोकळे होतात, हे खरंच आहे. प्रश्न दुसरा विचारायचा. नाही लागली, आणि परत येऊन पुण्यात किंवा बंगळुरात नोकरी धरावी लागली, तर त्या पगारातून ८२ हजार जातात का? जात असतील, किंवा घरून मागं कोणी उभं राहू शकत असेल, तर बिनधास्त जा. गावाकडची जमीन किंवा राहता फ्लॅट तारण ठेवून, सगळ्यात महाग प्रोग्रामला, फक्त लॉटरीच्या भरवशावर जाणार असाल तर मी तरी "थांब" म्हणेन, कोणी निराशावादी म्हटलं तरी चालेल. त्याच पोराला चाळीस लाखांत होणारी सरकारी युनिव्हर्सिटी मिळत असेल तर पन्नासाव्या रँकचीही ती मला दहाव्या रँकच्या एक कोटीवालीपेक्षा बरी वाटते.

सरकारी बँका तारण मागतात आणि व्याज कमी लावतात, खासगी फायनान्स कंपन्या बिनतारण देतात पण दर चढा आणि प्रोसेसिंग फी वेगळी. कर्जाच्या पैशातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो टॅक्स, लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला दहा लाखांवर पाठवले की लागतो, तो पुढं रिटर्नमध्ये मिळतो पण तोपर्यंत पैसे अडकतात. मुंबईचं जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी स्कॉलरशिप देतं, रक्कम खर्चाच्या मानानं लहान असते पण बायोडेटावर नाव लागतं, अर्ज जरूर करा.

## अर्ज वाचणारा माणूस काय बघतो

आता अर्जाकडे. फॉल म्हणजे ऑगस्टच्या बॅचसाठी बहुतेक डेडलाइन आदल्या वर्षीच्या डिसेंबरात, काही जानेवारीत. एका अर्जाला फी ७५ ते १५० डॉलर, त्यामुळे पंधरा-वीस ठिकाणी अर्ज म्हणजे किमान लाख-दीड लाख नुसते अर्जात. सहा ते आठ पुरेत, त्यातले दोन असे की जिथं झालं तर आनंदानं जाल आणि होण्याची चांगली शक्यता आहे. "सेफ" म्हणून टाकलेल्या ठिकाणी जायचंच नसेल तर ती फी कशाला भरायची.

एसओपी म्हणजे दोन पानांचं निवेदन, काय केलंय आणि इथं का यायचंय. दर हिवाळ्यात माझ्याकडे नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या पोरांचे ड्राफ्ट वाचायला येतात आणि दहातले सात "लहानपणी बाबांनी कॉम्प्युटर आणला तेव्हापासून मला तंत्रज्ञानाची ओढ" इथून सुरू होतात. समोरचा दिवसाला पन्नास वाचतोय. त्याऐवजी समजा तुमचा फायनल इयर प्रोजेक्ट एसटी कधी पोचेल ते सांगणारा होता, तर असं लिहा: जीपीएसचा डेटा घाटात सिग्नल गेला की तुटायचा, आम्ही मधली जागा सरासरीनं भरली, मॉडेलचा आकडा मस्त आला पण खंबाटकीत अंदाज पंधरा-पंधरा मिनिटं चुकायला लागला, मग लक्षात आलं की ट्रेनिंगचा डेटाच सपाट रस्त्याचा होता, घाटाचे टप्पे वेगळे केले, चूक निम्म्यावर आली, पावसाळ्याचं गणित अजून जमलेलं नाही. एवढ्या पाच ओळींत त्या प्रोफेसरला कळतं की या पोरानं खरोखर हात घातलाय. आणि न जमलेलं लिहायला घाबरू नका, रिसर्चवाल्याला तेच वाचायला आवडतं.

एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, तीन लागतात. आपल्याकडे सर म्हणतात "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो", मग तिन्ही पत्रांची भाषा एकच आणि ती एसओपीशीही जुळते, वाचणाऱ्याला वास येतो. एचओडींनी तुम्हाला ओळखत नसताना लिहिलेल्या पत्रापेक्षा प्रोजेक्ट गाइड मॅडमनी लिहिलेलं साधं पत्र भारी. ड्राफ्ट द्यायचाच असेल तर मुद्दे द्या, काय काम केलं, कुठं अडलो, आणि बाकी त्यांना लिहू द्या. पत्र कॉलेजच्या ईमेलवरून जाईल हे बघा, जीमेलवरून आलेल्याकडे शंकेनं बघितलं जातं. फॉर्ममध्ये विचारतात की पत्र बघायचा हक्क सोडता का, तिथं हो करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

## "माझा पॉइंटर ७.८ आहे आणि दोन केट्या"

पॉइंटर, म्हणजे सीजीपीए, चार पॉइंटांच्या अमेरिकन पट्टीवर स्वतःहून बदलू नका. बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पट्टीवर आहे तसा टाका. मुंबई युनिव्हर्सिटीचा ८ आणि एखाद्या ऑटोनॉमस कॉलेजचा ८ सारखा नाही हे भारतीय अर्ज दरवर्षी हजारांनी वाचणाऱ्या डिपार्टमेंटला माहीत असतं. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सची केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, कोणी मनावर घेत नाही, डेटा स्ट्रक्चर्सची केटी घेतात. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत उतारा, अर्जाच्या वेळी स्कॅन करून चढवलेलं बहुतेकांना चालतं, सीलबंद पाकीट ॲडमिशन झाल्यावर, पण युनिव्हर्सिटीकडून ट्रान्स्क्रिप्ट काढायला लागणारा वेळ बघता जूनमध्येच अर्ज टाकून ठेवा.

जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, आणि बऱ्याच डिपार्टमेंटनी ती काढून टाकलीये. ऑप्शनल असेल आणि क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, १६७-१६८ असतील तर पाठवा, १५८ असतील तर गप्प बसा. "स्वीकारत नाही" असं लिहिलं असेल तर कितीही भारी स्कोअर असो, नको.

आणि ते पेपर. फायनल इयरला चार-पाच हजार भरून आठवड्यात छापून देणारी जर्नल्स आहेत, कॉलेजंही आग्रह करतात. अमेरिकेतला प्रोफेसर ते नाव बघून इम्प्रेस होत नाही, उलट असं का केलं असं वाटू शकतं. त्यापेक्षा गिटहब या साइटवर ठेवलेला, चालणारा कोड आणि तो कसा चालवायचा हे सांगणारी नीट लिहिलेली रीडमी बरी.

## कन्सल्टंट लागतो का?

कागदपत्रांची धावपळ सांभाळायला, तारखा लक्षात ठेवायला कोणी हवं असेल तर घ्या. युनिव्हर्सिटी निवडून द्यायला नको, कारण "आमची सर्व्हिस फ्री" म्हणणाऱ्याला पैसे कुठूनतरी मिळतच असतात, आणि ते बऱ्याचदा ज्या युनिव्हर्सिटीत तुम्हाला पाठवलं तिथून कमिशन म्हणून येतात. त्याला सरळ विचारा, या यादीतल्या कोणाकडून तुम्हाला कमिशन मिळतं? उत्तर गोलगोल आलं की समजून जा. एसओपी "लिहून देतो" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, तोच परिच्छेद त्यानं तुमच्याच कॉलेजच्या आणखी चार जणांना दिलेला असतो.

## जर्मनी फुकट आहे ना, मग अमेरिका कशाला?

फी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत नाही, बरोबर. पण म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं (टीयूएम) २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो, आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो आधीपासूनच आहे. राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात, महिन्याला थोडे थोडे काढता येतात. एपीएस म्हणजे आपल्या मार्कशीट खऱ्या आहेत याचं प्रमाणपत्र, त्याशिवाय व्हिसा नाही.

तिथली निवड मात्र फार वेगळी, एसओपीतल्या गोष्टीपेक्षा सिलॅबस जुळतो का हे बघतात. थिअरीचे किती क्रेडिट, गणिताचे किती, कमी पडले तर पॉइंटर ९ असला तरी नाही. म्हणून तुमच्या बॅचच्या सिलॅबसची पीडीएफ आत्ताच उतरवून ठेवा, युनिव्हर्सिटीनं पॅटर्न बदलला की जुना शोधताना नाकी नऊ येतात. पॉइंटर त्यांच्या १ ते ४ च्या उलट्या पट्टीवर नेतात: दहातून तुमचा पॉइंटर वजा करा, त्याला दहा वजा पास होण्याचा पॉइंटर यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. पास ४ ला धरलं तर ८ चा २.० होतो. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. भाषा? कोर्स इंग्रजीत असतो, नोकरीच्या जाहिराती बऱ्याच जर्मनमध्ये, तेव्हा पहिल्या दिवसापासून शिकायला लागा.

## ॲडमिट आल्यावर

मार्चमध्ये एक-दोन ॲडमिट येतात आणि मेल येतो, आठ दिवसांत डिपॉझिट भरा नाहीतर जागा जाईल. १५ एप्रिलचा एक संकेत आहे, बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिटींनी मान्य केलाय की त्याआधी विद्यार्थ्याला उत्तर द्यायची सक्ती करायची नाही, पण तो फंडिंग असलेल्या ऑफरपुरता. स्वतःच्या पैशानं जाणाऱ्याला तो लागू नाही. तरी मुदत वाढवून मागायला काही जात नाही, दोन ओळींचा नम्र मेल लिहा, बऱ्याचदा देतात.

व्हिसाला सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर आणि अर्जाची १८५. मे २०२५ च्या शेवटी अमेरिकेनं नव्या इंटरव्ह्यूच्या तारखा देणंच तीन आठवडे थांबवलं होतं आणि जूनमध्ये परत सुरू केलं तेव्हा सोशल मीडिया अकाउंट सगळ्यांना दिसतील असे ठेवायची अट घातली. म्हणून डिपॉझिट भरलं की लगेच आय-२० मागवा, आणि हातात आल्याच्या दिवशी स्लॉट शोधायला बसा. बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीवर दोन-तीन मिनिटांत विचारतात ते हेच, हीच युनिव्हर्सिटी का, पैसे कोण भरतंय, नंतर काय. तिथं "रँकिंग चांगलं आहे" असं सांगणारे लाइनीत दहा असतात. ज्यानं कोर्सची यादी खरोखर वाचलीये त्याला कुठला कोर्स आणि कशासाठी हे पाठ करावं लागत नाही. एखादा पिवळा किंवा पांढरा कागद हातात देऊन "आणखी तपासणी" म्हणाले तर तो कायमचा नकार नसतो, २२१(जी) असतो, मागितलेली कागदं द्या आणि थांबा. आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवर शिक्का येईपर्यंत रिफंडेबलच काढा.